न भरणारी टाकी

द्रौपदीकाकूंच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला आणि महिन्यात दोनदा नातीचं पोट बिघडलं. विहिरीच्या वरच्या अंगाला सरपंच खानविलकरांच्या संडासाची टाकी होती. काकूंनी ग्रामसभेत विषय काढला, तसे सरपंच हसले.

"काकू, ती टाकी माझ्या वडिलांनी बांधलेली. घरात दहा माणसं, पण तीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. असं काम आता होत नाही."

सभेनं माना डोलावल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "दहा माणसं, तीस वर्षं, आणि टाकी अजून भरली नाही. मग ते सगळं गेलं कुठं, तेवढं सभेला सांगा."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचांनी टाकी उघडली. तिला तळच उरला नव्हता.