खर्ज गिळणारी पेटी

घाटमाथ्यावर विजेचे खांब नुकतेच पोचले होते, त्या काळातली ही गोष्ट. तिथल्या एका गावात एक भाऊ आणि एक बहीण राहत. भावाचं नाव केरबा, बहिणीचं सगुणा. सगुणा गायची आणि केरबा बेस गिटार वाजवायचा. त्यांच्या साथीला ढोलकीवर तात्या असत. तात्या नात्यातले नव्हते, पण या दोघांचे आईवडील गेल्यापासून तेच घरातलं मोठं माणूस होते. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, आसपासच्या गावांतून या तिघांनाच बोलावणं यायचं.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. त्याचं काम खर्जातलं, अगदी खालच्या सुरांतलं. गाण्याला त्याचा आधार असतो, पण आधाराकडे कोण बघतं? लोक सगुणाच्या गाण्याला टाळ्या द्यायचे, तात्यांच्या ढोलकीवर नाचायचे आणि केरबाला विचारायचे, "काय रे, वाजवत होतास, की नुसताच उभा होतास?"

केरबा हसायचा. पण घरी आल्यावर गिटार भिंतीला टेकवायचा आणि दिवसभर तिला हात लावायचा नाही.

त्याच्याकडचा स्पीकर होताही लहान. घरात बरा वाजे, पण उघड्या मैदानावर त्याचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नसे. शेवटी तात्याच म्हणाले, "केरबा, नवीन स्पीकर बघ बाबा. तुझा सूर मागच्यांनाही मिळायला हवा."

भाऊ-बहीण घाट उतरून पेठेच्या गावी गेले. तिथे एका बोळाच्या टोकाला वाद्यांचं दुकान होतं. दुकानात एक म्हातारी बसली होती. ती उठून पुढे आली, पण तिच्या पावलांचा आवाज झाला नाही. बोलली तेव्हा सगुणा दचकलीच. म्हातारीचा आवाज सुतासारखा बारीक होता.

"काय पाहिजे?" म्हातारीनं विचारलं.

"बेस गिटारला ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर. उघड्या मैदानावर वाजवायचंय," केरबा म्हणाला.

म्हातारीनं एक ॲम्प्लिफायर काढला आणि मध्यम आकाराच्या एका पेटीला जोडला. पेटीत दोन स्पीकर होते. "ही घे. एकट्याला उचलता येते. मागच्या रांगेपर्यंत आवाज जातो आणि फाटत नाही."

केरबानं गिटार जोडली. आवाज गोल, स्वच्छ आला. सगुणानं त्यावर हलकेच एक ओळ गुणगुणली आणि तिचा चेहरा फुलला.

"दादा, हीच घेऊ. माझा सूर हिच्यावर छान बसतो."

"तुझा सूर बसतो गं," केरबा म्हणाला, "पण माझा कुठं दिसतो?"

त्याची नजर कोपऱ्यात गेली. तिथे पुरुषभर उंचीची एक काळी पेटी होती. तिचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं.

"ती कसली?"

"ती विकायची नाही," म्हातारी म्हणाली.

"नुसती वाजवून बघतो."

म्हातारी काही बोलायच्या आत त्यानं पेटी फिरवली. एवढी मोठी पेटी, पण रिकाम्या टोपलीसारखी हलकी लागली. त्यानं वायर जोडली आणि एक तार छेडली.

दुकानाची जमीन हादरली. फळीवरच्या बासऱ्या घरंगळल्या. तो आवाज कानांना नाही, थेट बरगड्यांना लागला. केरबाच्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःला एवढं मोठं ऐकलं होतं.

"हीच," तो म्हणाला.

म्हातारीनं त्याचा हात धरला. "पोरा, ऐक. हिला स्वतःचा आवाज नाही. ही शेजारच्यांचा घेते. माझ्या माणसानं वाजवली. आमच्या घरात आता मोठा आवाज कुणालाच उरला नाही."

"दादा, चल इथून," सगुणा म्हणाली.

पण केरबाचा हात तारेवरून निघेना. म्हातारीनं एक उसासा टाकला. त्याचाही आवाज झाला नाही. "मी विकत नाही. तू नेतो आहेस. हे ध्यानात ठेव," एवढं बोलून ती आत निघून गेली. केरबानं ॲम्प्लिफायरचे पैसे फळीवर ठेवले आणि पेटी खांद्यावर घेऊन तो निघाला.

पहिला कार्यक्रम शेजारच्या गावात होता, एका लग्नात. केरबानं पहिला सूर लावला आणि पंगतीतल्या ताटांमधल्या वाट्या थरथरल्या. मांडवातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या दिवशी कुणी सगुणाच्या गाण्याला टाळ्या दिल्या नाहीत. सगळे केरबाभोवती जमले. एक म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, "आत शिरला रे तुझा आवाज, पार आत शिरला!"

केरबाला आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या ढोलकी घेऊन ओसरीवर बसले. उजवी थाप दिली, टण्ण वाजली. डावी थाप दिली, काहीच नाही. ओल्या पोत्यावर हात मारावा तसं झालं. त्यांनी दोऱ्या आवळल्या, कातड्याला ऊन दाखवलं, शेवटी कातडंच बदललं. ढोलकीची डावी बाजू मुकी ती मुकीच.

"चाळीस वर्षं वाजवतोय," तात्या म्हणाले, "असं कधी झालं नाही."

केरबा पेटी सरकवायला गेला, तर ती त्याच्यानं हलेना. दुसऱ्या माणसाचा हात लावावा लागला.

मग बोलावणी वाढली. प्रत्येक गावाला आता केरबा हवा होता. आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर कुठेतरी काहीतरी कमी होत गेलं. गावामागचा ओढा कड्यावरून पडायचा, त्याचा घोंगावणारा नाद गेला. पाणी पडताना दिसे, पण ऐकू यायची नुसती बारीक सरसर. म्हशी तोंड उघडून हंबरत, पण आत काही नसल्यासारखी चिरकी शीळ येई. आभाळ भरलं, वीज लखलखली आणि मागून गडगडाट आलाच नाही. लोक बराच वेळ वर बघत उभे राहिले.

मग माणसांचे आवाज पातळ झाले. पारावर बसलेले धिप्पाड बाप्ये चिमण्यांसारखे बोलू लागले आणि एकमेकांकडे बघून लाजू लागले. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ बापाच्या छातीवर झोपायचं. बाप हुं हुं करत त्याला थोपटायचा. आता बाप थोपटे, ओठ मिटून घुमायचा प्रयत्न करी, आणि बाळ डोळे टक्क उघडे ठेवून त्याच्याकडे परक्यासारखं बघे. मग रडायला लागे. सबंध दिवस रडे.

पेटी उचलायला आता चार माणसं लागत होती.

एका दुपारी घरात कुणी नसताना केरबानं पेटीच्या पुढच्या काळ्या कापडाला कान लावला. वायर काढलेली होती. तरी आत काहीतरी चाललं होतं. खोल विहिरीतून यावा तसा ओढ्याचा नाद येत होता. म्हशी हंबरत होत्या. तात्यांच्या ढोलकीची डावी थाप पडत होती. आणि शेजारचा बाप हुं हुं करत कुणाला तरी झोपवत होता.

केरबा मागे सरला. त्याला सगळं कळलं. पण चार दिवसांवर डोंगरावरच्या देवीची जत्रा आली होती. दहा-बारा गावं जमणार होती. तिथे वाजवायचं त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं.

"एवढी जत्रा होऊ दे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग नाही वाजवणार."

त्या संध्याकाळी सगुणा चुलीपुढे बसून गाण्याची तयारी करत होती. तिचं देवीचं गाणं खालून, खर्जातून सुरू होऊन वर चढायचं. तिनं सुरुवात केली आणि ती थांबली. परत केली, परत थांबली.

"दादा, मला खालचा सूर सापडत नाही," ती म्हणाली. "जिन्याच्या खालच्या पायऱ्याच कुणीतरी काढून नेल्यात असं वाटतंय. वर जाऊ कशी?"

"वरूनच सुरू कर," केरबा तिच्याकडे न बघता म्हणाला.

सगुणानं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि धूर नसतानाही डोळे पुसले.

जत्रेचा दिवस उजाडला. उतरत्या उन्हात सगळा माळ माणसांनी भरून गेला होता. सहा माणसांनी मिळून पेटी मंचावर चढवली तेव्हा फळ्या करकरल्या. तात्या मुकी ढोलकी मांडीवर घेऊन बसले. सगुणा केरबाच्या मागे उभी राहिली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

केरबानं वाजवायला सुरुवात केली. माळ हादरला. डोंगरउतारावरचे दगड सुटून खाली गेले. लोक ओरडू लागले, "केरबा! केरबा!"

पण ती ओरड कशी होती? हजारो माणसांची, आणि ऐकायला मात्र पाखरांच्या थव्याची किलबिल. तिच्यातला सगळा भारदस्तपणा पेटीतून येत होता. पेटीच त्याचं नाव घेत होती. "केऽरबा, केऽरबा."

आणि त्या आवाजाखाली केरबाला आणखी काहीतरी ऐकू आलं. धप्, धप्. धप्, धप्. हा ठेका त्याचा नव्हता. त्यानं हात तारांवरून काढला. ठेका चालूच राहिला. तो तात्यांकडे वळला. तात्यांचे हात ढोलकीवर नव्हते.

मागे सगुणा खाली बसली होती. एक हात छातीवर होता. "दादा," ती म्हणाली, पण ओठ हलले तेवढेच दिसलं. केरबानं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. अंग गार. नाडी लागत नव्हती. आणि पेटीत मात्र कुणाचं तरी काळीज घुमत होतं. धप्, धप्.

केरबानं वायर उपटली. पेटी थांबली नाही. ॲम्प्लिफायर लाथेनं उडवला. पेटी थांबली नाही. लोकांना वाटलं हा खेळच आहे. ते नाचू लागले.

मंचाशेजारी एक नारळवाला बसला होता. केरबानं त्याचा कोयता हिसकला आणि तो पेटीपुढे येऊन उभा राहिला. तेवढ्यात पेटीतून आवाज आला. हुबेहूब त्याचाच.

"फोडू नकोस. मी आहे आत. मला फोडलंस तर पुन्हा तुला कोण ऐकणार?"

केरबाचा हात थबकला. समोर सगळा माळ त्याच्याकडे बघत होता. एवढ्या माणसांनी त्याच्याकडे आजवर कधीच पाहिलं नव्हतं, आणि यापुढेही कुणी पाहणार नव्हतं. त्यानं एकदा मागे बहिणीकडे पाहिलं. तात्या तिचं डोकं मांडीवर घेऊन हळूहळू हलवत होते.

केरबानं डोळे मिटले आणि कोयता कापडात घातला.

कापड वरपासून खालपर्यंत फाटलं. आत स्पीकर नव्हते. काहीच नव्हतं. नुसता काळोख होता आणि गार वारा. मग त्या काळोखातून एकेक आवाज बाहेर पडू लागला. ओढ्याचा नाद माणसांच्या डोक्यांवरून गावाकडे गेला. म्हशींचं हंबरणं गोठ्यांकडे गेलं. राहून गेलेले सगळे गडगडाट निरभ्र आभाळात एकदमच वाजले आणि लोक कान झाकून खाली बसले. ढोलकीची थाप तात्यांच्या हाताखाली येऊन आपसूक उमटली. गर्दीतले बाप्ये ओरडले ते आपल्या खऱ्या आवाजात, आणि आपलाच आवाज ऐकून काही जण रडले.

सगळ्यात शेवटी ते काळीज सुटलं. सगुणानं मोठा श्वास घेतला आणि ती उठून बसली. "दादा," ती म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

लोक म्हणाले, "केरबा, वाजव रे आता!"

केरबानं गिटार उचलली. तात्यांनी बरोबर आणलेला जुना लहान स्पीकर जोडला. तार छेडली. तार हलताना दिसली, पण सूर आला नाही. दुसरी छेडली, तिसरी छेडली. कुणी दुसऱ्यानं तीच गिटार हातात घेतली तर ती वाजे. केरबाच्या हातात मात्र मुकी.

बाकीच्यांचे आवाज पेटीनं चोरले होते, म्हणून ते आपापल्या धन्याकडे गेले. केरबाचा सूर तिनं चोरला नव्हता. तो त्यानं आपल्या हातानं तिला दिला होता.

काही दिवस केरबा घराबाहेर पडला नाही. मग पुढच्या लग्नाची सुपारी आली. तात्यांनी बेस गिटार वाजवायला दुसऱ्या गावचा एक माणूस आणला. केरबा बरोबर गेला, कारण सगुणानं त्याला ओढतच नेलं. मंचावर त्याला जागा नव्हती, म्हणून तो पार मागे गेला आणि शेवटच्या रांगेत उभा राहिला.

तिथून त्यानं आपल्याच माणसांना पहिल्यांदा ऐकलं. ढोलकी अंमळ जास्त होती. नव्या माणसाचा खर्ज सगुणाच्या खालच्या ओळीवर चढत होता. केरबानं हात वर केला आणि खुणेनं सांगितलं, त्याचा आवाज थोडा खाली घ्या. तात्यांनी ते पाहिलं. आवाज जुळला. सगुणाचं पुढचं गाणं खालून सुरू झालं आणि सावकाश, एकेक पायरी चढत वर गेलं. शेवटच्या रांगेतल्या एका बाईच्या मांडीवरचं पोर ते ऐकता ऐकता झोपी गेलं.

पुढे त्या मुलखातले सगळे वाजवणारे स्पीकर निवडताना केरबाला बरोबर नेऊ लागले. ते पेटीपुढे उभे राहून वाजवत. केरबा लांब जाऊन उभा राही आणि एकच विचारी, "हिच्या आवाजात तुमच्यापैकी कुणाचा सूर ऐकू येत नाही?" एकाचा जरी येत नसला, तर ती पेटी कितीही घुमणारी असो, तो ती घेऊ देत नसे.

तात्पर्य: ज्या मोठेपणापायी आपल्या माणसांचा आवाज बंद पडतो, तो मोठेपणा आपला नसतो, त्यांचाच असतो.