लाह्याची पहिली जुडी

एक होतं टेकाड, त्याच्यापलीकडं आणखी एक टेकाड, आणि दोन्हींच्या पलीकडं एक जुनी बाग. वेणूच्या घराजवळ मात्र नुसता उजाड माळ. तिथं दगडांचं पीक तेवढं भरघोस यायचं!

रोज पहाटे वेणू आणि तिची आई अनवाणी पायांनी दोन्ही टेकाडं ओलांडायच्या, बागेत दूर्वा खुडायच्या, एकवीस-एकवीस काड्यांच्या जुड्या बांधायच्या आणि गणपतीच्या देवळापाशी विकायच्या. पायांत काटे मोडायचे, पण वेणू कुरकुर करायची नाही. म्हणजे करायची, पण आईला ऐकू जाणार नाही इतपतच.

काल देवळामागं तिला एक टोपली दिसली. उघडून बघते तर आत इवलासा पांढराशुभ्र ससुला! जत्रेतून कुणीतरी हौसेनं घेतला असेल आणि हौस फिटल्यावर दिला असेल टाकून. गुलाबी नाकुलं सारखं हलत होतं. उचलला तर इतका हलका, की वेणूनं तिथल्या तिथं त्याचं नाव ठेवलं, लाह्या!

आता घरी आलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी द्यायचं, हे वेणूला पक्कं ठाऊक. तिनं लाह्यापुढं गुळाचा खडा ठेवला. लाह्यानं भिडेखातर थोडा चाटला आणि पोट आवळून बसला. मग तिनं दूधभाकरी कुस्करली. त्यानं तोंड फिरवलं. मधूनच तो दूर्वांच्या टोपलीकडं नाक पुढं करायचा, तेव्हा वेणू टोपली मागं ओढायची. "अंहं! त्या देवाच्या. उष्ट्या करायच्या नाहीत."

आज संकष्टी. पहाटे बागेत आल्यावर आई म्हणाली, "वेणू, कालपासून त्याच्या पोटात काही नाही गं. मुक्या जिवाला उपाशी मारायचं पाप नको आपल्याला. माझ्या दूर्वा खुडून होईस्तोवर खाल्लं तर ठीक, नाहीतर वैद्यबुवांकडं देऊन टाकू त्याला."

बांधून झालेल्या जुड्यांची टोपली वेणूपाशी ठेवून आई खुडत खुडत लांब गेली. वेणूनं लाह्याला परकराच्या घोळात गुंडाळलं, आणि ती स्वतः कुडकुडत बसली. त्याचे कान गळून गेले होते. वेणूच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब गवतावर पडला.

तोच गवत झगमगलं! निळे, केशरी, मोरपंखी कवडसे नाचू लागले, आणि एका पात्यावर बोटाएवढी परी उभी राहिली. पंख तिचे दवाचे, झगा कोवळ्या उन्हाचा.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "मी दवपरी. तू त्याला ऊब दिलीस आणि स्वतः गारठलीस, ते मी पाहिलं. हे बघ, या पात्यावर तीन थेंब आहेत. एकेका थेंबाला एकेक इच्छा माग. पण थेंब वाळायच्या आत मागायची. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारायचं."

"सशाला कुठं बोलता येतं?"

"बोलता येत नाही, पण सांगता येतं."

वेणू इतकी हरखली, की तिचं निम्मं लक्षच नव्हतं. "लाह्यासाठी रेशमाची गादी!" ती ओरडली. पहिला थेंब चमकून विरला. जांभळी, सळसळती, मऊ मऊ गादी आली. लाह्या तिच्यावरून घसरला आणि घाबरून वेणूच्या काखेत शिरला.

"मग चांदीच्या वाटीत केशरी पेढे!"

दुसरा थेंबही गेला. पेढ्यांचा घमघमाट सुटला. वेणूच्या तोंडाला पाणी सुटलं, लाह्याच्या मात्र नाही. त्यानं मान खाली घातली.

"कुणाला विचारलंस गं?" परीनं हळूच विचारलं.

वेणू खजील झाली. ऊन टेकाडावरून खाली उतरत होतं, तिसरा थेंब आक्रसत होता. ती गवतात पालथी झाली, हनुवटी जमिनीला टेकली आणि लाह्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "सांग ना राजा, तुला काय हवं?"

लाह्याचं नाकुलं थरथरलं आणि वळलं. कुठं? दूर्वांच्या टोपलीकडं! कालपासून तो हेच तर सांगत होता.

याला काही थेंब लागणार नव्हता. वेणूनं टोपलीतली एक जुडी उचलली, "बाप्पा, रागावू नकोस हं," असं पुटपुटली, दोरा सोडला आणि काड्या लाह्यापुढं धरल्या.

कुरुम. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम कुरुम!

"वेणू!" मागून आईचा आवाज आला. "देवाची जुडी उष्टी केलीस?"

वेणूचं धाबं दणाणलं. पण लाह्याला खाताना बघून आईच्या कपाळावरची आठी आपोआप गेली. "खातोय होय गं लबाड! खाऊ दे, खाऊ दे. कान बघ त्याचे केवढाले! बाप्पाच्याच घरचा दिसतोय."

पात्यावरचा शेवटचा थेंब आता मोहरीएवढा उरला होता. परीनं वेणूकडं पाहून डोळे मिचकावले. वेणूनं पटकन आईचा हात धरला.

"आई, तुला काय हवं गं?"

"मला?" आई हसली, मग तिचे डोळे भरून आले. "मला असं कुणी विचारलंच नव्हतं बाई. या दूर्वा आपल्या दारात उगवल्या असत्या, तर तुझे पाय सोलले नसते. बाकी काही नको."

"तेच! अगदी तेच!" वेणू ओरडली.

लखकन सोनेरी, रुपेरी, हिरवा उजेड फाकला. त्या उजेडात दवपरी हसली, तिनं हात हलवला, आणि ती प्रकाशात विरघळून गेली.

दोघी लाह्याला घेऊन धावतच घरी आल्या. माळावर एक दगड दिसेल तर शपथ! उंबऱ्यापासून थेट देवळापर्यंत दूर्वाच दूर्वा, लुसलुशीत, हिरव्याकंच. वेणूनं लाह्याला खाली सोडलं. त्यानं एकवार वास घेतला आणि घेतली की उंच उडी! हवेतच गिरकी, पुन्हा उडी, पुन्हा गिरकी. तापल्या कढईतली लाहीच जणू! वेणूही त्याच्यामागं धावली, आणि तिच्या पायांना एकही काटा टोचला नाही.

आजही त्या गावात संकष्टीला पहिली जुडी सशाला देतात आणि दुसरी बाप्पाला. बाप्पा काही रागावत नाही. त्याला एकवीस काड्या पुरतात, आणि लाह्याला त्या कधीच पुरत नाहीत.