दवाचं माप

"मग माझा हात गेला कुठे, एकोबा?"

एकोबा पांचाळ भट्टीतले कोळसे सारखे करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मनगटालाच हाय की, साहेब."

"थट्टा नको. मी वेळ काढून आलोय."

"बरं झालं. येळ तरी तुमचाच हाय म्हनायचा."

 रेगेसाहेबांना कुणी असं बोलत नसे.

मी या घाटमाथ्यावरच्या गोल्फ मैदानाचा माळी. पहाटे लांब बांबू फिरवून प्रत्येक भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं दव झाडायचं, ही माझी नोकरी. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण दव राहिलं की गवताला बुरशी धरते आणि चेंडू अडखळतो, तेव्हा कुणी हसत नाही. काम उरकलं की मैदानामागे एकोबाच्या भट्टीवर चहा प्यायचा, हा माझा शिरस्ता. म्हणून हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

एकोबा पटर करायचा. पटर म्हणजे या खेळातली शेवटची काठी. चेंडू भोकाजवळ पोचला की तिने हळूच आत लोटायचा. शिसवाचा दांडा, पितळेचं डोकं, चामड्याची मूठ. माणसाला एकच पटर, जन्मात एकदाच. त्यावर नाव कोरत नसे. "हाताला कळतंय, तर अक्षर कशाला?" म्हणायचा.

आणि माणूस गेला की घरच्यांनी त्याचा पटर परत आणायचा, भट्टीत टाकायचा. एकोबा हात जोडायचा. विषय संपला.

हा नेम मोडला तो मुकुंद रेग्यांनी.

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. बोलणं हुकमाचं. गोल्फवाला कुणी गेला की तेराव्याच्या आत हे त्याच्या दारात. घरात रडारड चाललेली, आणि हे पटर मागायचे. "आठवण म्हणून हो," म्हणायचे. त्यांच्या बंगल्यात काचेची एक खोली आहे. तिथे भिंतीवर ओळीने एकोबाच्या हातचे पटर. रोज एक उतरवायचा आणि त्याने खेळायचं. आलेल्या-गेलेल्याला खोली दाखवायची. मला या माणसाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू?

"सांगा," एकोबा म्हणाला. "काय व्हतंय?"

रेगे बाकावर बसले नाहीत. उभेच राहिले.

"कर्नल घोरपड्यांचा पटर घेतला की डावा पाय ओढतो. माझा. सोमण जज्जांचा घेतला की खोकला येतो. आधी मजा वाटली. क्लबात करून दाखवायचो. लोक टाळ्या वाजवायचे."

"मंग?"

"मग पटर खाली ठेवला तरी पाय ओढायला लागला."

एकोबाचा चिमटा थांबला.

"अजून?"

"परवा जेवताना मी बायकोला कुमुद म्हणालो."

"बाईसायबांचं नाव काय?"

"सुनीती."

"मंग कुमुद कोन?"

रेग्यांनी नजर भट्टीकडे वळवली.

"नाडकर्ण्यांची बायको. नाडकर्णी जाऊन सहा वर्षं झाली. तिला मी एकदाच भेटलोय… पटर आणायला गेलो तेव्हा."

भट्टीत कोळसा तडकला. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सुनीती हसली असती तर बरं वाटलं असतं," रेगे म्हणाले. "ती ताट घेऊन आत गेली. आता मी जिना चढायला लागलो की वरून विचारते, कोण आलंय? चौतीस वर्षं संसार केलाय तिने माझ्याबरोबर, एकोबा."

आवाज चिरका झाला. तो त्यांनी लगेच खाकरून सरळ केला.

"मला नवा पटर करून द्या. माझ्या मापाचा. माझा हात मला परत पाहिजे."

"तुमचं माप घेतलंय म्या. बावीस वर्सांमागं."

"तो? त्याने मी अंतिम सामन्यात वीतभरावरून चेंडू चुकवला. सगळ्या क्लबासमोर. त्यानंतर हात लावला नाही त्याला."

"कुटं हाय?"

"असेल घरात कुठेतरी पडलेला."

"एका मानसाचं माप एकदाच," एकोबा म्हणाला.

"मग मी काय करू?"

एकोबा उठला. गुडघ्यावर हात टेकून उठला, सावकाश.

"बूट काढा."

माप घ्यायची त्याची रीत अशी. माणसाने अनवाणी दवावरून भोकापर्यंत चालत जायचं. तिथे उभं राहून नुसत्या हातांनी चेंडू लोटल्यासारखं करायचं. मग एकोबा ओणवा होऊन पावलं वाचायचा. भार कुठे पडतो, अंगठा कुठे दाबतो, मन कुठे कचरतं, सगळं त्याला दवात दिसायचं.

त्या सकाळी मी सगळ्या हिरवळी झाडल्या होत्या, फक्त नववी सोडून. "आज नववी ऱ्हाऊ दे," असं एकोबाने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. रेगे न कळवता आले होते. मग याला कुणी सांगितलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

धुकं होतं. रेगे चालत गेले, हात हलवले, बाजूला झाले.

मी वाकून पावलं पाहिली.

पहिली दोन पावलं डाव्या अंगाने फरफटलेली. पुढची दोन आतल्या बाजूला वळलेली. त्यापुढे नुसत्या चवड्यांचे ठसे. मग एक जड टाच. एकाच माणसाच्या दोन पायांनी दहा जण चालून गेले होते.

"ह्ये घोरपडे," एकोबा बोट न लावता सांगत निघाला. "सोमन. ह्ये पारशी डॉक्टर. ह्ये नाडकर्नी… टाच टेकत नव्हती त्यांची, गुडघा दुखायचा."

"आणि मी?" रेग्यांनी विचारलं. "मी कुठे आहे?"

अगदी भोकापाशी एक शेवटची जोडी होती. पुसट. दव जेमतेम हललेलं. एकोबा तिच्याशेजारी बसला. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याने तळहात तिच्यावर अलगद धरला.

"हाय," तो म्हणाला. "अजून हाय."

रेग्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली.

"घरात माझ्या हातचे जेवडे पटर असतील तेवडे समदे उद्या आना," एकोबा म्हणाला. "गेलेल्यांचे तुमच्या हातानं भट्टीत जाऊ द्या. उरंल त्यो तुमचा."

"आणि तो ओळखायचा कसा?"

"तुमीच वळखायचा. म्या सांगितलं तर त्ये माझं वळखनं झालं."

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. रेगे मोठी लांब पिशवी घेऊन आले, तोंड बांधलेली.

"सुनीतीने भरून दिलीय," ते म्हणाले. "भिंतीवरचे, कपाटातले, माळ्यावरचे. मी पाहिलंसुद्धा नाही."

"आता बगा."

"बघून काय, कुणीही ओळखेल. तुम्ही माझे डोळे बांधा. एकेक हातात द्या. मूठ धरली की नाव सांगतो."

कालचं पाणी एका रात्रीत आटलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

"डोळं नगा बांधाया लावू, साहेब," एकोबा म्हणाला.

"बांधा म्हणतो ना."

एकोबाने खांद्यावरचं उपरणं काढून त्यांचे डोळे बांधले. दंडाला धरून भट्टीपासून हातभरावर उभं केलं. मी भाता धरला.

पहिला पटर हातात दिला. रेग्यांचा डावा पाय वाकडा झाला.

"घोरपडे."

आणि आगीत टाकला. दांडा तडतडत पेटला, पितळ कोळशात खचलं.

दुसरा. खोकला आला, कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा.

"सोमण."

तिसरा हातात येताच ते गुणगुणायला लागले. कसलं तरी पारशी लग्नातलं गाणं असावं. डॉक्टर गेले त्याला नऊ वर्षं झाली, पण सूर अगदी तोच होता. मी त्यांच्या खेळाच्या पिशव्या वाहिलेल्या आहेत, मला माहीत आहे.

असे एकामागून एक. प्रत्येक पटर आगीत गेला की रेगे थोडे अधिक ताठ व्हायचे. दहावा नाडकर्ण्यांचा. तो हातात घेताच त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या आणि ते वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाले, "कुमुद, दार लावून घे हो."

भाता माझ्या हातातून सुटला.

तो पटर टाकायला त्यांना वेळ लागला. पण टाकला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले.

पिशवीत एक उरला होता.

एकोबाने तो बाहेर काढला. क्षणभर स्वतःच्याच छातीशी धरला. मुठीचं चामडं अजून नवं होतं. अंगठ्याचा खळगा पडायच्या आतच कुणीतरी तो ठेवून दिला होता.

मग त्याने तो रेग्यांच्या हातात दिला.

रेग्यांची बोटं मुठीवर बसली. इतकी सहज बसली की मी बघतच राहिलो. पाय ओढला नाही. खोकला नाही. गाणं नाही. ते वाट बघत राहिले…

"हा मुका आहे," ते म्हणाले.

"नीट बगा."

"काही येतच नाही. यात कोणी नाही, एकोबा."

"हात काय म्हनतोय?"

"काही म्हणत नाही. गप्प आहे." ते हसले. "कुणाचा आहे हा? हातात असून नसल्यासारखा."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. एकोबाने माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मी गप्प बसलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

"टाकायचाच?" एकोबाने विचारलं.

"मग काय करू? रिकामा ठेवून काय उपयोग?"

"साहेब… टाकायचाच?"

"किती वेळा विचाराल?"

"तुमीच टाका मंग. म्या हात लावनार न्हाई."

रेग्यांनी टाकला. बाकीचे तडतडत जळले होते. हा जराही आवाज न करता जळाला.

एकोबाने उपरणं सोडलं. रेग्यांनी डोळे चोळले. आधी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, मग भट्टीकडे.

"उरला कुठला?"

एकोबाने उपरणं खांद्यावर टाकलं.

"नाही उरला तर नाही!" रेगे मोठ्याने हसले. "हे बघा, पाय सरळ पडतोय. छाती मोकळी झाली. नाडकर्णीही गेला. सुटलो मी, एकोबा! आता तुमचा नेम बाजूला ठेवा आणि नवं माप घ्या. सुनीतीला आज जिन्यावरून मीच हाक मारणार."

बूट भिरकावून ते जवळजवळ पळतच नवव्या हिरवळीकडे निघाले. मी आणि एकोबा मागोमाग गेलो.

दव पांढरंशुभ्र पडलेलं होतं. रेगे त्यावरून भोकापर्यंत गेले. वीस पावलं, मी मोजली. हात हलवले. काय सुरेख हलवले! असा संथ फटका मी त्या मैदानावर कधी पाहिला नव्हता.

मग ते वळले.

एकतीस वर्षं मी दव झाडतोय. चिमणी बसून उडाली तरी मला कळतं, तिची नखं दिसतात. त्या हिरवळीवर काही नव्हतं. काठापासून भोकापर्यंत दवाचा एक थेंब हललेला नव्हता.

रेग्यांनी पाय उचलला. खाली पाहिलं. दाबून पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. गवताच्या पात्यांवर थेंब जसेच्या तसे उभे होते.

"एकोबा…" ते म्हणाले. आवाज जवळून आला की लांबून, सांगता येईना. "माझी पावलं?"

एकोबा काठावर खाली बसला. तळहात दवावर धरला. बराच वेळ धरला. मग मागे घेतला आणि त्याच उपरण्याने डोळे पुसले.

त्याने रेग्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"भागू," तो म्हणाला, "बांबू घे अन् नववी झाडून टाक. आज हितं कुनी चाललेलं न्हाई."