नऊ पानी धोरण

मराठी शुद्धलेखन तपासणारं एक मोफत सॉफ्टवेअर होतं. मालक कुणीच नाही. चाळीस जण फावल्या वेळात त्याचा कोड लिहीत. पण प्रमुखपदी बसलेल्या सदानंद तामणकरांना ते आपलंच वाटे. एका सोमवारी त्यांनी कोडमध्ये नऊ पानी धोरण टाकलं. प्रत्येकाने आपला बदल वेगळ्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीत करावा, दोघांची संमती घ्यावी, मगच तो मुख्य कोडमध्ये जाईल. थेट घुसवलेला बदल ज्याला दिसेल त्याने कुणालाही न विचारता काढून टाकावा.

लगेच त्यांनी मिरजेच्या रेहाना अत्तारची तीन महिने खपून केलेली दुरुस्ती काढली. का, तर मागच्या आठवड्यात ती थेट गेली होती!

दुपारी धोरणच गायब झालं.

तामणकरांनी सगळ्यांना व्हिडिओ मीटिंगला बसवलं. "अत्तार, धोरण काढायला कुणी सांगितलं?"

"धोरणानेच, सर. तुम्ही ते थेट टाकलं होतंत. ब्रांच नाही, संमती नाही. मला दिसलं, मी काढलं."

तामणकर लालबुंद झाले. "याच धोरणाखाली मी तुम्हाला गटातून काढू शकतो!"

"जरूर काढा, सर. फक्त आधी ते धोरण दाखवा."

रेहानाची दुरुस्ती त्याच दिवशी परत आली. तामणकरांनी धोरण रीतसर वेगळ्या ब्रांचमध्ये मांडलं. त्याला दोन वर्षं झाली. संमती द्यायला कुणाचीच ना नाही, पण नऊ पानं वाचायला अजून कुणाला सवड मिळालेली नाही.