टेकणपूरच्या राजाचे तीन डब्ल्यू

टेकणपूरच्या राजाने एके दिवशी मोबाइलवर स्वतःचंच नाव शोधलं, आणि स्वतःच्याच नावात तो पाचवा निघाला! पहिल्या नंबरावर शेजारच्या फुलगडच्या राजाची साइट. त्यात ह्याचं नाव एकदाच, तेही 'आमचे शेजारी' म्हणून.

राजाचं नाव रणधुरंधर. लढाई एकही नाही, पण नाव रणधुरंधर. त्याने ताबडतोब दरबार भरवला.

"महाराज, आपल्या साइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू हवेतच," दिवाण म्हणाले. "बोडक्या डोक्याने कोण दरबारात येतं? ती पत्त्याची पगडी आहे."

"पगडी कसली? मिशीला मिशी लावल्यासारखं दिसतं ते," सेनापती गरजले. "काढा ते डब्ल्यू, नंबर आपोआप वर येईल."

हा वाद वर्षभर चालला होता. दोन समित्या झाल्या, अहवालांची चळत छताला लागली. राजाला निकाल देता येईना, कारण दिवाण म्हणजे त्याचे सासरे आणि सेनापती म्हणजे सख्खा मामा. एकाला दुखवावं तर राणी जेवत नाही, दुसऱ्याला दुखवावं तर आई बोलत नाही. मग अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच राजाने केलं. त्याने गरीब माणूस शोधला.

गावातल्या पाट्या भिवरा रंगवायची. पूर्वेकडच्या पाट्यांवर दिवाणांच्या हुकुमाने तीन डब्ल्यूंचा पत्ता, पश्चिमेकडच्या पाट्यांवर सेनापतींच्या हुकुमाने बिनडब्ल्यूचा. शाळा, कापडवाले, हॉटेलवाले, सगळ्यांनी आपापल्या साइटवर राजाचा पत्ता दिला तो जवळच्या पाटीवरून उतरवून.

"म्हणजे घोळ तूच घातलास," राजा म्हणाला.

"हुकूम तुमच्या माणसांचे होते, महाराज. शिक्क्याचे कागद आहेत माझ्याकडे."

"उलट बोलतेस? आता ऐक. सासरेबुवांचे डब्ल्यू काढायचे नाहीत. मामांच्या पत्त्याला ते लावायचे नाहीत. आणि पंधरा दिवसांत माझ्या नावात मी पहिला यायला हवा. नाही आलो तर तुझे कुंचले नदीत आणि तू राज्याच्या बाहेर!"

पाट्या रंगवण्यावाचून भिवराला दुसरं काही येत नव्हतं, आणि आणखी काही यावं असं तिला वाटतही नव्हतं. पण ती रडली नाही. तिला राग आला होता.

"करते," ती म्हणाली. "पण आधी चावडीवर एक मतदान घ्या. टेकणपुरातला सगळ्यांत लाडका माणूस कोण? चिठ्ठ्या मोजायला कारकून मात्र परगावचा आणा. इथलं कुणी ओळखत नसलेला."

राजाला मतदान फार आवडलं. जिंकणार कोण हे त्याला ठाऊकच होतं!

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. आता टेकणपूरची एक रीत होती. वरच्या पेठेतले लोक राजाला 'श्रीमंत' म्हणायचे. खालच्या पेठेत तो लहानपणी विटीदांडू खेळलेला, तिथे तो अजून 'बाळराजे'च. ज्याने त्याने तोंडात होतं तेच चिठ्ठीवर लिहिलं.

परगावच्या कारकुनाने चष्मा पुसला आणि निकाल वाचला. "पहिले तुकाराम भजीवाले, दोनशे एकवीस. दुसरे श्रीमंत, दोनशे दहा. तिसरे कुणी बाळराजे, दोनशे चार."

राजा ताडकन उठला. "अरे, कुणी बाळराजे काय? बाळराजे मीच!"

"असाल," कारकून म्हणाला. "चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नाही."

"ह्याची बेरीज करा! चारशे चौदा होतात!"

"दोन माणसांची मतं मी एकत्र करत नसतो, साहेब. पुढची तक्रार?"

राजाचा चेहरा पडला. भजीवाला लाजून कढईकडे बघत राहिला. तेव्हा भिवरा पुढे आली.

"महाराज, शोधायचं यंत्रही असाच परगावचा कारकून आहे. डब्ल्यूवाला पत्ता एक माणूस, बिनडब्ल्यूचा दुसरा. आपल्या साइटवर पत्ता दिला की ते मत; निम्म्या गावाने ह्याला मत दिलं, निम्म्याने त्याला. पाचवा नंबर आला हे नशीबच म्हणायचं."

"मग करायचं काय?"

"डब्ल्यूच्या दारात एक पाटी लावायची. 'मुक्काम कायमचा शेजारच्या दारी हलवला आहे, मतंही तिकडेच जमा करावीत.' साइट सांभाळणाऱ्याला सांगा, घटकाभराचं काम आहे. डब्ल्यू लावून येणारा माणूस आपोआप बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर पोचेल. सासरेबुवांचे डब्ल्यू काढले नाहीत, कुणीही ते टाइप करावेत, साइट उघडते. मामासाहेबांच्या पत्त्याला लावलेही नाहीत."

"आणि उलट केलं असतं तर? डब्ल्यूवाला पत्ता ठेवून?" दिवाणांनी घाईने विचारलं.

"तरी चाललं असतं. यंत्राला दोन्ही सारखेच. फक्त एक काय ते ठरवावं लागतं."

पाटी लागली. दहा दिवस काहीच हललं नाही. सेनापतींनी नदीकाठी जाऊन पाणी किती खोल आहे तेही पाहून ठेवलं. बाराव्या दिवशी राजा तिसरा आला. चौदाव्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा स्वतःचं नाव शोधलं आणि पहिल्या ओळीत स्वतःलाच पाहिलं. फुलगडकर खाली गेले होते.

राजाने भर दरबारात भिवराला बोलावलं. सासरे एका बाजूला, मामा दुसऱ्या बाजूला, दोघेही कान टवकारून.

"आता एकच सांग," राजा म्हणाला. "वर्षभर हे दोघे भांडले. ह्यांच्यातलं बरोबर कोण होतं?"

"दोघेही बरोबर होते, महाराज," भिवरा म्हणाली. "म्हणूनच तर तुम्ही पाचवे होतात!"

राजा असा हसला की सिंहासनाची गादी खाली घसरली. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं आणि राज्यातल्या सगळ्या पाट्यांचं काम कायमचं तिच्या नावे केलं.

"जुन्या पाट्या एकसारख्या करायला मदतीला किती माणसं हवीत?" त्याने विचारलं.

"शिडी धरायला दोघं पुरेत," भिवरा म्हणाली आणि तिने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग मामांकडे.

"दिली!" राजा म्हणाला.