आजीचा कोंबडा

फार पूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या एका राज्यात इदेहेन नावाचा ओतारी राहत होता. राजवाड्यातली काशाची जनावरं त्याच्याच घराण्यानं ओतायची, अशी तिथली रीत होती.

गादीवर नवा राजा आला. तरणाबांड, पण भारी उतावळा. त्यानं हुकूम सोडला, "मला खऱ्या बिबट्याएवढा बिबट्या हवा. दरबारात येणाऱ्याला धडकीच भरली पाहिजे!"

इदेहेननं मातीच्या गाभ्यावर मेणाचा बिबट्या घडवला. अंगावरचा एकेक ठिपका कोरला. वरून मातीचा लेप दिला आणि साचा तापवला, तसं आतलं मेण वितळून वाहून गेलं. आता त्या पोकळीत कासं ओतलं, की झालं. राजा स्वतः बघायला येऊन बसला.

पण कासं वितळवायच्या मुशीत डोकावताच इदेहेन राजाकडे वळला.

"महाराज, कासं पुरायचं नाही. नवं यायचं तर पावसाळा सरावा लागेल."

"पावसाळा? परवा माझा उत्सव आहे!" राजा ताडकन उठला. त्यानं सेवकाला वाड्यात पिटाळलं. सेवक परतला तो काशाचा कोंबडा घेऊन. राजाची आजी वारली तेव्हा तिच्या मानासाठी इदेहेनच्या वडिलांनी तो ओतला होता. वाड्यात तिच्या नावानं पूजेची वेदी होती, तिच्यावरून तो कधी हलला नव्हता.

"टाक मुशीत," राजा म्हणाला.

इदेहेननं कोंबडा हातात घेतला. भट्टी धगधगत होती. साचा निवत चालला होता. तो थंड झाला की सारी मेहनत मातीत. मागे तलवारी घेऊन शिपाई उभे.

"टाकतोस, की डोकं उडवू?" राजा गरजला.

इदेहेनचा हात काही पुढे होईना.

"महाराज, एकच सांगा. उद्या तुमच्यानंतरचा राजा माझ्या लेकाला म्हणेल, हा जुना बिबट्या वितळव. तेव्हा त्यानं काय करायचं? आज मी जे करीन, तेच तो शिकणार."

शिपायानं तलवार उपसली. राजा कोंबड्याकडे बघत राहिला. लहानपणी आई गेल्यावर याच आजीनं त्याला घास भरवले होते. त्यानं हात वर केला, तशी तलवार पुन्हा म्यानात गेली.

"दे इकडे," राजा म्हणाला. कोंबडा दोन्ही हातांत धरून तो स्वतःच वेदीकडे चालू लागला.

इदेहेनचा साचा वाया गेला तो गेलाच. उत्सव बिबट्याविनाच पार पडला. पुढे होतं तेवढ्या काशात त्यानं एक छोटा बिबट्या ओतला, मांजराहून जरासा मोठा. त्यानंतर कितीतरी राजे आले नि गेले. कुणाला लढाईसाठी धातू कमी पडला, कुणाला सजावटीसाठी. पण कोंबड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती; त्या बिबट्याला हात लावायला कुणीच धजावलं नाही.

तात्पर्य: मागच्यांचा मान मोडून आपला मान उभा राहत नाही. आपण त्यांचं जपलं, तरच पुढचे आपलं जपतात.