साठ मोळ्यांचा कुकर

डोंगराच्या पायथ्याशी कौसू नावाची एक चिमुरडी राहायची. आईची चूल दिवसाला एक मोळी लाकूड फस्त करायची, आणि ती मोळी आणायची कौसूनं. सकाळी रानात जायचं, काटक्या वेचायच्या, डोक्यावर घेऊन यायचं. तोवर शाळेत प्रार्थना संपलेली, पाढे संपलेले. गुरुजी रागवायचे नाहीत, पण कौसूला फार फार वाईट वाटायचं.

दिवाळीनंतरच्या थंडीत एकदा ती रानात गेली, तर पळसाच्या बुंध्याशी एक इवलीशी परी! केशरी पंख, चंदेरी झगा, आणि झगा सगळा काट्यांत गुरफटलेला. कौसूनं हलक्या हातानं एकेक काटा सोडवला.

"गुणाची गं पोर! माग काय हवं ते," परी म्हणाली.

दुसऱ्या कुणी मोत्यांची माळ मागितली असती. कौसू म्हणाली, "कुकर द्याल? शिट्टीचा. त्यात डाळ-भात झटकन शिजतो म्हणे. लाकूड निम्मंच लागेल."

परी खुदकन हसली. "देते. पण फुकट नाही हं! त्यानं आपली किंमत आपणच फेडायची. पळस फुलायच्या आत साठ मोळ्या लाकूड वाचवायचं. नाही वाचलं, तर कुकर मला परत."

झगमग झगमग झालं, आणि दवानं भिजलेल्या गवतावर चकचकीत कुकर!

आता एक मोळी दोन दिवस पुरू लागली. एक दिवस रान, एक दिवस शाळा. मोळी वाचली की कौसू भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची.

माघात शेजारच्या हौसाकाकूंची लेक बाळंत झाली. तिला दिवसातून चारदा गरम पेज, मऊ भात करायचा. चूल फुंकून फुंकून काकू अगदी बेजार झाल्या.

"कौसू, चार दिवस देतेस का गं कुकर?"

चार कसले, चांगले बारा दिवस लागणार! म्हणजे सहा रेघा कमी. कौसूनं आईकडे पाहिलं.

"तुझा कुकर, तू ठरव," आई म्हणाली.

"न्या काकू," कौसू म्हणाली. "बाळंतिणीला ताटकळत ठेवायचं का?"

बघता बघता पळसाला पहिलं केशरी फूल आलं. भिंतीवर रेघा चोपन्नच. कौसूनं कुकर राखेनं लख्ख घासला, डोक्यावर घेतला आणि मुसमुसत रान गाठलं.

"परीताई, सहा मोळ्या कमी पडल्या. हा घ्या तुमचा कुकर."

"कमी?" परीनं डोळे मोठे केले. "अगं वेडाबाई, तू फक्त तुझ्या घरची चूल मोजलीस. मी सगळं रान मोजते. हौसाच्या चुलीचं नऊ मोळ्या लाकूड वाचलं, ते कुणी वाचवलं? तीन मोळ्या जास्तच झाल्या की! त्या तुझ्या दारात पोचवते. आता सहा दिवस रानात पाऊल टाकायचं नाही. कुकर तुझाच, आणि यापुढे जे वाचेल तेही तुझंच."

"खरंच?"

पण उत्तर द्यायला परी होतीच कुठे! पळसाभोवती सोनेरी उजेड भिरभिरला, कौसूच्या नाकावर टेकला आणि विरून गेला.

तेवढ्यात खाली शाळेची घंटा झाली. घरी जायला वेळच नव्हता. कौसू तशीच धूम पळाली आणि प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी राहिली, हात जोडून, डोक्यावर कुकर.